वाळूच्या जोरावर धावणारी केपफ्लायर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एक रेल्वेपूल आहे, जो दिवसातला बहुतेक वेळ रेल्वेच्या उपयोगाचाच नसतो. दोन्ही काठांवरून रूळ येतात आणि पाण्यापाशी संपतात. त्यांना जोडणारा मधला तुकडा, चांगला 166 मीटर लांबीचा, पाण्याच्या 41 मीटर वर टांगलेला असतो आणि त्याच्याखालून जहाजं जातात. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र भोंगा वाजतो, पुलाचा तो अख्खा तुकडा आडवाच्या आडवा खाली उतरू लागतो, अडीच मिनिटांत रुळाला रूळ भिडतो, आणि बोस्टनहून आलेली ‘केपफ्लायर’ त्यावरून हळूहळू पलीकडे जाते. पूल खाली टेकल्यावर त्याच्यात आणि भरतीच्या पाण्यात उरतात जेमतेम 2 मीटर! गाडी गेली की पूल पुन्हा वर.

एका गाडीसाठी एवढा खटाटोप? आणि गाडी तरी कसली, तर वर्षातले तीन-साडेतीन महिने, तेही फक्त शनिवार-रविवारला धरून चालणारी. मेच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डेची सुट्टी असते, तिच्या आधीच्या शनिवार-रविवारला धरून ती सुरू होते. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे आला की साधारण तिचा हंगाम संपतो. बोस्टन ही मॅसॅच्युसेट्सची राजधानी. तिथल्या साउथ स्टेशनवरून निघायचं, ब्रेनट्री, ब्रॉकटन, मिडलबरो, वेअरहॅम, बझर्ड्स बे असं करत तो पूल ओलांडायचा आणि सव्वादोन-अडीच तासांत हायॅनिस या समुद्रकाठच्या गावी पोचायचं. बस्स, एवढंच. पण ही गाडी का धावते, हंगामापुरतीच का धावते आणि मुळात धावू कशी शकली, हे एकेक करून विचारत गेलं तर प्रत्येक उत्तराच्या तळाशी एकच गोष्ट सापडते. वाळू. हजारो वर्षांपूर्वी बर्फाने आणून टाकलेली वाळू.

नकाशा उघडून बोस्टनच्या आग्नेयेला पाहा. जमिनीतून एक लांबलचक पट्टा अटलांटिकमध्ये घुसलेला दिसेल. आधी पूर्वेकडे जातो, मग एकदम उत्तरेकडे वळतो आणि टोकाशी आत मुडपतो. हा केप कॉड. जगातल्या बहुतेक भूशिरांच्या पोटात खडक असतो. समुद्राने आजूबाजूचं मऊ खाल्लं आणि कठीण तेवढं उरलं, अशी त्यांची गोष्ट. आपल्याकडे जयगड किंवा विजयदुर्गची टोकं कातळाच्या बळावर लाटा झेलतात. केप कॉडला मात्र असं काहीही नाही! तिथे खडक आहे, पण तो कितीतरी खाली. वर आहे ती सगळी वाळू, खडी, माती आणि गोटे.

हे सगळं आलं कुठून? सुमारे 25 हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा मोठा भाग एका अवाढव्य हिमस्तराखाली गाडला गेला होता. तो स्थिर नव्हता. स्वतःच्याच वजनाने तो उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत होता आणि सरकताना ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचे डोंगर खरवडून तो चुरा बरोबर घेऊन येत होता. पुढे हवा तापू लागली आणि बर्फाची कड वितळत मागे हटू लागली. जिथे ती कड काही काळ रेंगाळली, तिथे चुऱ्याचा बांध साचला. शाळेच्या भूगोलात आपण ‘हिमोढ’ शिकलो, तो हाच. वितळलेल्या पाण्याने त्यातली बारीक वाळू पुढे वाहून नेली आणि तिची सपाट मैदानं पसरली. त्या काळी इतकं पाणी बर्फात अडकलेलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही खाली होती. मग पाणी चढत आलं आणि या ढिगाऱ्याच्या भोवती किनारा तयार झाला.

म्हणजे हायॅनिसच्या पुळणीवर लोक ज्या वाळूत टॉवेल पसरून पडतात, ती आतल्या डोंगरांची भुकटी आहे. आणि लोक किती? केप कॉडवर बारमाही राहणारी माणसं सुमारे 2 लाख 29 हजार. उन्हाळ्यात ही संख्या दुपटीच्याही पुढे जाते. हिवाळ्यात तिथे बोचरं वारं आणि कुलूपबंद घरं असतात. गाडी हंगामी का, याचं उत्तर इथेच मिळालं.

पण मग पुलाची गरज का पडली? केप कॉड तर जमिनीला जोडलेला होता.

होता, 1914 पर्यंत. त्या वर्षी 29 जुलैला ऑगस्ट बेलमाँट या धनाढ्य गृहस्थाने खासगी पैशातून खणलेला कालवा उघडला आणि केप कॉडचं बेट झालं. कल्पना मात्र फार जुनी. सतराव्या शतकात प्लिमथला वसलेल्या इंग्रज लोकांनाही इथून पाण्याची वाट हवी होती. 1776 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने या जागेची पाहणी करवली होती. कारण साधं आहे. न्यूयॉर्कहून बोस्टनला जाणाऱ्या जहाजाला केप कॉडच्या बाहेरून वळसा घालावा लागे आणि बाहेरच्या बाजूला सतत जागा बदलणारे वाळूचे दांडे. हजारो जहाजं तिथे फुटली. जमिनीच्या सर्वांत अरुंद भागात 11-12 किलोमीटर खणलं की दोनशेहून जास्त किलोमीटरचा वळसा आणि ते सगळे दांडे टळणार होते.

खणायला जागाही आयती मिळाली. बर्फ मागे हटत असताना आजच्या केप कॉड उपसागराच्या जागी वितळलेल्या पाण्याचं एक प्रचंड तळं साचलं होतं. ते हिमोढाचा बांध फोडून वाहिलं, तेव्हा पडलेल्या सखल खोऱ्यातूनच बेलमाँटचा कालवा गेला. बर्फाने वाट दिली खरी, पण तिच्यात अडथळेही ठेवले होते. गाळ काढणाऱ्या यंत्रांपुढे खोलीइतके मोठे गोटे येऊ लागले. हेही त्या हिमस्तराचंच ओझं. शेवटी पाणबुडे उतरवून सुरुंगाने ते फोडावे लागले.

कालवा झाला आणि एक नवल उघडं पडलं. कोकणात खाडीकाठी राहणाऱ्या कुणालाही विचारा, भरतीची वेळ तो न बघता सांगेल. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी. आता हा कालवा दोन पाण्यांना जोडतो. ईशान्येला केप कॉडचा उपसागर, नैर्ऋत्येला बझर्ड्स बे. दोन्ही अटलांटिकचेच भाग, मध्ये जेमतेम दोन तासांच्या चालण्याचं अंतर. तरीही एकीकडे भरती-ओहोटीतला फरक सुमारे पावणेतीन मीटर, दुसरीकडे फक्त सव्वा मीटर! आणि दोन्हीकडच्या भरतीच्या वेळा सुमारे तीन तासांनी वेगळ्या. एकच समुद्र, एकच चंद्र, मग असं का?

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला नेमक्या लयीत हलका धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, लय चुकली की वाढत नाही. केप कॉडच्या उत्तरेला मेनचं आखात आहे, आणि त्यातल्या पाण्याला मागे-पुढे हेलकावायला स्वतःचा असा वेळ लागतो, तो सुमारे तेरा तासांचा. महासागराची भरती दर साडेबारा तासांनी त्याला ढकलते. लय जवळजवळ जुळते आणि हेलकावा फुगतो. याच आखाताच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो इतका फुगतो की पाणी 16 मीटरपर्यंत चढतं. केप कॉडच्या उपसागराला त्यातला छोटा वाटा मिळतो. बझर्ड्स बे मात्र केप कॉडच्या दक्षिणेला, या आखाताच्या बाहेर. त्याला हा फुगवटा मिळतच नाही. मधे आडवी आली ती बर्फाने टाकलेली वाळू, आणि तिने एका समुद्राचे दोन समुद्र केले.

आता त्या दोन्ही पाण्यांना सरळ चराने जोडलं तर काय होणार? कधी एका बाजूची पातळी वर, कधी दुसऱ्या. पाणी उंचावरून सखलाकडे धावणारच. कालव्याला दरवाजे नाहीत, त्यामुळे त्यात दर सहा तासांनी दिशा बदलणारी नदी वाहते. जोरात असली की तिचा वेग ताशी 8 किलोमीटरच्या घरात जातो. काठावर उभं राहिलं तर सकाळी ईशान्येकडे धावणारं पाणी दुपारी मंदावतं, क्षणभर स्थिर होतं आणि उलटं फिरतं. त्या वेळी गळ टाकून बसलेल्या मासेमारांची लगबग पाहावी. पाणी फिरलं की स्ट्राइप्ड बास नावाचा मासा भक्ष्याच्या मागे कालव्यात शिरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पूल एरवी वर का असतो, त्याचं कारण हाच प्रवाह. आगगाडी आणि जहाज समोरासमोर आले तर थांबणं कोणाला सोपं? गाडीला ब्रेक आहेत. जहाज मात्र प्रवाहाबरोबर चाललेलं असेल तर त्याला थांबता येत नाही. वेग कमी केला तर सुकाणूवरून पाणी वाहणं कमी होतं, आणि सुकाणूला पाण्याचा रेटाच मिळाला नाही तर ते जहाज वळवणार कसं? बेलमाँटच्या काळात कालवा सुमारे 30 मीटर रुंद होता आणि रेल्वेचा पूल होता एका बाजूने उचलला जाणारा, 1910 साली बांधलेला. अरुंद पुलांमधून प्रवाहाबरोबर जहाज नेणं म्हणजे जीव मुठीत धरणं. कप्तान मंडळी कालवा टाळू लागली, पथकर बुडाला आणि बेलमाँटला त्यातून नफा कधी झालाच नाही. 1928 मध्ये केंद्र सरकारने कालवा विकत घेतला. मग 1930 च्या दशकातल्या मंदीच्या वर्षांत लोकांना काम मिळावं म्हणून जी मोठी बांधकामं निघाली, त्यांत याचाही नंबर लागला. कालवा 146 मीटरपर्यंत रुंद झाला, मोटारींसाठी बोर्न आणि सॅगमोर असे दोन उंच कमानदार पूल झाले आणि रेल्वेसाठी हा पूल. 29 डिसेंबर 1935 रोजी तो उघडला तेव्हा असा सरळ वर जाणारा इतका लांब पूल जगात दुसरा नव्हता.

मोटारींचे पूल उंच बांधले, मग रेल्वेचाही का नाही बांधला? कारण मोटार चढ चढते, आगगाडीला तो झेपत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी घर्षणाने फिरतं, म्हणून तर एवढं ओझं ओढता येतं. पण त्याच गुणामुळे चढावर पकड सुटते. 41 मीटर उंची गाठायला दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर लांब उतरंड बांधावी लागली असती. त्यापेक्षा पुलानेच खाली यावं.

आणि तो येतो कसा, तेही बघण्यासारखं. दोन्ही टोकांना उंच मनोरे, माथ्यावर मोठाली चाकं, चाकांवरून गेलेले पोलादी दोर. दोरांच्या एका टोकाला पूल, दुसऱ्या टोकाला प्रत्येक मनोऱ्यात जवळपास हजार टनांचं वजन. पूल आणि वजनं एकमेकांना तोलून धरतात. त्यामुळे पूल उचलायचा म्हणजे त्याचं सगळं वजन उचलायचं नसतंच! पूल हलवणाऱ्या यंत्रांना झगडायचं असतं ते फक्त घर्षणाशी आणि वाऱ्याशी. पूल वर जातो तेव्हा मनोऱ्यातली वजनं खाली येतात, पूल खाली आला की ती वर.

आपल्याकडे रामेश्वरच्या वाटेवर 2025 च्या एप्रिलमध्ये नवा पांबन पूल खुला झाला, तो भारतातला याच जातीचा पहिला सागरी रेल्वेपूल. त्याचा उचलला जाणारा भाग साडेबहात्तर मीटरचा आणि तो 17 मीटर वर जातो. केप कॉडचा त्याच्या दुपटीहून लांब, दुपटीहून उंच जाणारा, आणि नव्वद वर्षांचा. पांबनचा पूल मात्र खाली असतो आणि जहाज आलं की वर जातो. केप कॉडला नेमकं उलटं.

गाड्या या पुलाच्याही आधीपासूनच्या. केप कॉडच्या तोंडाशी रूळ 1848 मध्ये पोचले, हायॅनिसला 1854 मध्ये, अगदी टोकाच्या प्रॉव्हिन्सटाउनला 1873 मध्ये. 1884 ते 1916 या काळात बोस्टनच्या श्रीमंतांनी वर्गणी काढून केप कॉडवरच्या वूड्स होलपर्यंत स्वतःची खास गाडी चालवली होती. तिला लोक ‘ड्यूड ट्रेन’ म्हणत. केपफ्लायरची ती पणजी म्हणायला हरकत नाही. पुढे मोटारी आल्या, रस्ते झाले आणि 1959 मध्ये बोस्टनहून हायॅनिसला जाणारी नेहमीची प्रवासी सेवा बंद पडली. मधे दोन प्रयत्न झाले, 1980 च्या दशकात ब्रेनट्रीहून सुटणारी एक गाडी आणि 1986 ते 1996 राष्ट्रीय रेल्वेकंपनी अ‍ॅमट्रॅकची ‘केप कॉडर’. दोन्ही थांबल्या. अमेरिकेत असं झालं की पुढे काय होतं, हे ठरलेलं आहे. रूळ गंजतात, स्लीपर कुजतात, झुडपं माजतात आणि एक दिवस रूळ उपटून तिथे सायकलमार्ग होतो. केप कॉडवरच्या डेनिसपासून वेलफ्लीटकडे जाणाऱ्या आणि फाल्मथहून वूड्स होलला जाणाऱ्या मार्गांचं तेच झालं.

मग हायॅनिसचा मार्ग वाचला कसा? मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत थक्क करणारा भाग हाच वाटतो. तो वाचला कचऱ्यामुळे.

केप कॉडवर पिण्याचं पाणी कुठून येतं? नदी म्हणावी अशी नदी तिथे नाही. पाऊस पडतो तो सरळ वाळूत मुरतो आणि वाळूच्या कणांमधल्या फटींत गोड्या पाण्याचा मोठा साठा तयार होतो. आजूबाजूला खारं पाणी, मधे हे गोडं. तिथले बहुतेक सगळे लोक हेच पाणी पितात. 1982 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्याचा एकमेव आधार म्हणून त्याची अधिकृत नोंद केली. पण जी वाळू पाऊस इतक्या झटकन पिते, ती घाणही तितक्याच झटकन पिते. गावाबाहेर खड्ड्यात कचरा टाकला की त्याचा काळा रस थेट विहिरीच्या वाटेला लागणार. म्हणून कचरा टाकण्याच्या जागा बंद होत गेल्या. मग कचरा न्यायचा कुठे? कालव्यापलीकडे रॉचेस्टर गावात 1980 च्या दशकाच्या अखेरीस कचरा जाळून वीज करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. केप कॉडच्या गावांचा कचरा डब्यांत भरून, त्याच उतरत्या पुलावरून, आगगाडीने तिथे जाऊ लागला.

प्रवासी नव्हते, पण कचरागाडी होती. ती होती म्हणून रुळांची देखभाल होत राहिली, पुलाचे दोर आणि यंत्रं चालती राहिली. इकडे 1997 मध्ये बोस्टन ते मिडलबरो लोकल पुन्हा सुरू झाली. राहिला होता तो मिडलबरोच्या पुढचा तुकडा, आणि त्यावर कचरागाडीने रूळ जिवंत ठेवलेच होते. राज्याने डागडुजी केली आणि 2013 च्या मे महिन्यात मेमोरियल डेच्या सुट्टीला केपफ्लायर सुटली.

गाडीसाठी नवे डबेही घ्यावे लागले नाहीत. बोस्टनची लोकल सोमवार ते शुक्रवार नोकरदारांना आणते-नेते. शनिवार-रविवारी तिला गर्दी कमी, डबे रिकामे उभे. तेच घेतले. एका डब्यात सायकली ठेवायची सोय केली, एकात खाण्यापिण्याचा काउंटर लावला. पहिल्याच हंगामात तिकिटांच्या पैशांतून गाडी चालवण्याचा थेट खर्च निघाला. सार्वजनिक वाहतुकीत हे फार क्वचित घडतं.

शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही या गाडीत बसलात तर वेअरहॅमच्या आसपास खिडकीबाहेर लालसर-हिरवे सपाट तुकडे दिसतील, भोवती बुटके बांध. ती क्रॅनबेरीची शेती. बर्फाचे मोठे तुकडे मातीत गाडले जाऊन नंतर वितळले, त्या खळग्यांत पाणथळ जागा झाल्या आणि तिथे ही आंबट फळं माजली. शेतकरी दर काही वर्षांनी वेलींवर वाळूचा थर पसरतात, त्याने नवे फुटवे येतात. पुढे बझर्ड्स बेचं स्टेशन, पुलाच्या अगदी तोंडाशी. पूल ओलांडला की लगेच बोर्न, डोक्यावर मोटारींचा उंच पूल आणि त्यावर मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या. केप कॉडला जायला मोटारींचे पूल दोनच, दोन्ही 1935 चे, दोन्हींवर मिळून आठ लेन. उन्हाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी सगळं राज्य त्यातून घुसू बघतं. खाली रुळावरून तुम्ही मात्र पुढे निघालेले असता.

बोस्टन ते हायॅनिस हा प्रवास आग्नेयेकडे जातो, म्हणजे थोडाफार त्याच दिशेने, जिकडे एकेकाळी बर्फ सरकत गेला. पण बर्फ हायॅनिसला थांबला नव्हता. तो आणखी दक्षिणेला जाऊन थांबला आणि तिथेही त्याने ढिगारे टाकले. समुद्र चढल्यावर त्यांची दोन बेटं झाली, मार्थाज व्हिनयार्ड आणि नॅनटकेट. हिमस्तराची शेवटची हद्द ती. हायॅनिस स्टेशनपासून बोटींचे धक्के जवळच आहेत आणि वेगवान बोट तासाभरात नॅनटकेटला पोचवते. सायकल बरोबर न्यायला हरकत नाही, बेटावर तिच्यासाठी चांगले रस्ते आहेत.